खेळातलं मागचं दार

विश्रामबाग, सांगली
९ नोव्हेंबर १९९८

चि. अक्षता,

धनाजीमामाचा जयभीम. अक्काचा गुडघा कसा हाय ते कळव. मी बरा हाय. पत्राचं कारण निराळं हाय, आणि ते तू कुणाला बोलू नकोस. तुझ्या सायबाला तर न्हाईच.

मी ज्या कोल्ड स्टोरेजात सिक्युरिटीला हाय तिथं परवा साताऱ्याची दोन माणसं आली. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा. बेदाणा निवडायचा हॉल, त्याची दारं, मशीन रूम, सगळं मोजत बसली. मी गेटावर अडवलं तर मालक म्हणाले, “जाऊ द्या हवालदार, आपलीच माणसं आहेत.” बावीस वर्षं मिलिटरीत काढली मी. परवानगीबिगर कुणी फोटो काढला तर कॅमेऱ्यातला रोल काढून घ्यायची आमाला ऑर्डर असायची. मग मालकांनी एक कागद दाखवला. खाली तुझं नाव. अक्षता सरतापे, प्रोग्रामर. मी दोनदा वाचलं. मालकांना म्हणालो न्हाई की ही माझी भाची हाय. का म्हणालो न्हाई ते मलाबी सांगता येत न्हाई.

आमच्या थंड खोल्या अमोनियावर चालतात. तो गळला तर डोळं जातं, दम कोंडतो. तवा बायकांनी कसं बाहेर पडायचं ह्याचा म्हणं तुमी खेळ बनवताय. डोक्याला हेल्मेट घातलं की आत आमचा हॉल दिसणार. मला हे पटत न्हाई. पळायची सवय लावायची तर शिट्टी मारावी आणि पळवावं. पलटणीत आमी तेच करायचो. त्याला हेल्मेट कशाला?

हॉलमधी चौतीस बायका हायेत. निम्म्या पन्नाशीच्या पुढच्या. मालक नवं मशीन आणणार अशी बोलवा हाय. हेल्मेट घालून कोण सावकाश चालतं, कोण चटचट चालतं ह्याची लिस्ट होणार आणि सावकाशवाल्या घरी बसणार, असा माझा संशय हाय. तसं असंल तर मला आधी सांग. मी पाठीत वार खाणारा माणूस न्हाई.

तुझा,
धनाजीमामा


सदर बझार, सातारा
१६ नोव्हेंबर १९९८

ती. धनाजीमामांना सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग घाबरले. तुम्ही त्याच कोल्ड स्टोरेजात आहात हे मला खरंच माहीत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, सांगलीला कुठंतरी गेटावर असतो. तिचा गुडघा थंडीत धरतो, बाकी ठीक.

या हेल्मेटला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात. आमच्या राजवर्धन सरांनी ते सिंगापूरहून आणलंय. आत डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे असतात. मान वळवली की चित्रही वळतं. हातात जॉयस्टिक, ती पुढे ढकलली की आपण चालायला लागतो. मुलं कॉम्प्युटरवर राक्षसांना गोळ्या घालायचा खेळ खेळतात ना, त्याचाच सांगाडा घेऊन मी राक्षस आणि बंदुका काढून टाकल्या आणि त्यात तुमचा हॉल बांधला. भोंगा वाजतो, हिरवट धूर येतो, आणि दार गाठायचं. मला या कामाचा अभिमान आहे, मामा. सातारा जिल्ह्यात हे दुसरं कुणी करत नाही.

खऱ्या पळण्याबद्दल सरांनी मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, सगळं काम थांबवून बायकांना पटांगणात काढणं या सीझनमध्ये परवडत नाही, आणि फेब्रुवारीत युरोपातला द्राक्षांचा खरेदीदार येणार आहे, त्याला ट्रेनिंग दाखवायचंय. मला ते कारण तेव्हा फारसं वाईट वाटलं नाही. वेळ नोंदवली जाते, पण नावं नाहीत, फक्त नंबर. कुणालाही घरी बसवण्यासाठी हे नाही, हे मी तुम्हाला लिहून देते.

एक विचारायचंय. मापांप्रमाणे टेबलांपासून मागचं दार वीस पावलांवर आहे. मोठं दार साठ पावलांवर, आणि वाटेत मशीन रूम लागते, जिथून वायू गळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणजे मागचं दारच शिकवायला हवं. ते उघडं असतं का? तिथे काही सामान ठेवतात का?

तुमची,
अक्षता


विश्रामबाग, सांगली
२४ नोव्हेंबर १९९८

चि. अक्षता,

जयभीम. तू लिहून दिलंस ते मी जपून ठेवलंय.

मागचं दार उघडं असतं. सामान ठेवू देत न्हाई मी. सुटताना बायका त्याच दारानं बाहेर पडतात, आणि तिथं मी स्वतः उभा असतो. दाराची काळजी नको.

तू डिसेंबरात येशील तवा मालकांच्या म्होरं मला मामा म्हणू नकोस. सगळे हवालदार म्हणतात, तूबी तसंच म्हण. इथं कोण कुणाचं हाय हे कळलं की माणसं त्याचा वापर करतात.

धनाजीमामा


सदर बझार, सातारा
२१ डिसेंबर १९९८

ती. मामांना सप्रेम जयभीम.

तुम्हाला ‘हवालदार’ म्हणताना माझी जीभ अडखळत होती. तुम्ही मात्र असे उभे होतात की जणू मला कधी पाहिलंच नाही. तुम्ही बाहेर आणि आम्ही मालकांच्या केबिनमध्ये, त्यामुळे आत काय झालं ते तुम्हाला कळलं नसेल. म्हणून लिहिते.

दोन दिवसांत चौतीसजणी झाल्या. पहिल्या दिवशी सगळ्या दाराशी घोळक्यानं उभ्या. कुणी आत येईना. मनुबाई नावाच्या वयस्कर बाई आहेत, त्या म्हणाल्या, “ह्यात डोस्क्यातलं दिसतं का गं?” मी म्हटलं, नाही, फक्त तुम्हाला हॉल दिसतो. “आनि तुमास्नी काय दिसतं?” मी म्हटलं, तुम्ही कुठं गेलात ते. त्यावर त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. मग पदरावरूनच हेल्मेट चढवलं.

आता खरी अडचण सांगते. तिघींना गरगरलं, त्यांनी हेल्मेट काढून ठेवलं. उरलेल्यांपैकी बावीसजणी मागचं दार समोर दिसत असताना वळून मोठ्या दाराकडे गेल्या, धुरातून. मी प्रत्येकीला आधी सांगितलं होतं, जवळचं दार घ्या. माना डोलावल्या आणि लांबच्या दारानं गेल्या. नऊजणी मागच्या दारापर्यंत बरोबर गेल्या, पण तिथे थांबल्या. दार उघडं, पलीकडे ऊन दाखवलंय मी, आणि या उंबऱ्याच्या आत उभ्या. मागून धूर येऊन अंगावर गेला तरी हलेनात. मनुबाईंनी तर जॉयस्टिक सोडून दिली आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभ्या राहिल्या. मला वाटलं तोल जातोय, मी धरायला धावले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी तसंच केलं. विजयमाला म्हणून एक तरुण बाई आहे, सगळ्यांत चटपटीत, सर्वात आधी दाराशी पोचली आणि तीही तशीच.

राजवर्धन सर म्हणाले, अडाणी बायका आहेत, दार दिसूनही कळत नाही. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. तुम्ही त्यांना रोज बघता. तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
अक्षता


विश्रामबाग, सांगली
२८ डिसेंबर १९९८

चि. अक्षता,

पत्र मिळालं. बायका हेल्मेटला भ्यायल्या, दुसरं काय न्हाई. तू फार इचार करू नकोस.

माझं ऐकशील तर खेळातनं मागचं दार काढून टाक. भिंत दाखव. सगळ्यांना मोठ्या दारानं काढ. रोजच्या येण्याजाण्याचं दार गडबडीत नको. मी मालकांनाबी तसं सांगीन.

अक्काला सांग, संक्रांतीला यायला जमणार न्हाई.

धनाजीमामा


सदर बझार, सातारा
८ जानेवारी १९९९

ती. मामांना जयभीम.

तुमच्या पत्रानं मला रात्रंदिवस छळलं. ज्या माणसानं बावीस वर्षं फौजेत काढली तो मला सांगतो, वीस पावलांवरचं दार बुजव आणि चौतीस बायकांना मशीन रूमवरून ने. हे तुम्ही न समजून लिहिलेलं नाही. म्हणून मी तुम्हाला न सांगता तीन तारखेला, रविवारी, सांगलीला येऊन गेले.

विजयमालाचं घर शोधलं. तिनं दारातच विचारलं, “तुमाला हवालदारानं पाठवलं का?” मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. पाणी दिलं, पण आत या म्हणाली नाही. मग तिनं विचारलं, “त्या खेळात हवालदार दिसत न्हाई, पर त्यो बघत असतो का?” तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. मनुबाई शेजारीच राहतात, त्या आल्या. त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही चढवला नाही.

तुम्ही त्या दारात रोज संध्याकाळी झडती घेता. बेदाणा चोरून नेतात या संशयानं. एकेकीनं थांबायचं, हात पसरायचे, आणि तुम्ही छडीनं ओटी चाचपता, पदर उचलून बघता, वळायला लावता. चार वर्षं. मनुबाई म्हणाल्या, “त्या दारातनं झडती दिल्याबिगर आमी कवाच भाईर पडलो न्हाई. मग खेळात तरी कसं पडायचं?” मागच्या वर्षी एका बाईला उलटी आली, ती तशीच बाहेर धावली, तर तुम्ही तिला आठ दिवस कामावर घेऊ दिलं नाही. ज्या बावीसजणी लांबच्या दारानं गेल्या त्यांना विजयमालानं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, खेळात तरी ते दार नको.

मी त्यांना अडाणी समजले. त्या नव्हत्या. मी होते.

तुम्ही माझे मामा आहात हे मी त्यांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मला नीट सांगता येतं. मला लाज वाटली.

मामा, ही झडती बंद करा. नाहीतर निदान सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की भोंगा वाजला तर कुणालाही न विचारता बाहेर पडा. तुमच्या तोंडून सांगा. माझ्या खेळानं ते होणार नाही.

अक्षता


विश्रामबाग, सांगली
१५ जानेवारी १९९९

अक्षता,

तू माझ्या मागं येऊन बायकांना भेटलीस. माझ्यावर पाळत ठेवलीस. माझ्या बहिणीच्या पोरीनं हे करावं असं मला वाटलं नव्हतं.

तुला काय माहीत इथलं? पंच्याण्णव साली एक्स्पोर्टच्या मालाचं दोन बॉक्स गेलं. मालकांनी मला विचारलं, “हवालदार, तुम्ही असताना?” बावीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. त्यानंतर मी कडक झालो. आणि मी कुणाच्या अंगाला हात लावत न्हाई. छडी लावतो. तीबी लांबनं. बाईमाणसाची इज्जत मला कळते, ते तू शिकवू नकोस.

चोरी कोण करतं ते कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून सगळ्यांवर नजर ठेवावी लागते. ज्याला ड्युटी करायची त्याला वाईट व्हावं लागतं.

ह्या विषयावर मला पत्र लिहू नकोस.

हवालदार धनाजी


विश्रामबाग, सांगली
२४ फेब्रुवारी १९९९

चि. अक्षता,

तुझी मधली दोन पत्रं मिळाली. फोडली न्हाईत.

शनिवारी, वीस तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास मशीन रूममधला व्हॉल्व्ह गेला आणि अमोनिया सुटला. तू कुठंतरी ऐकशील म्हणून मीच कळवतो. कुणी दगावलं न्हाई. बायका गडबडल्या आणि चुकीच्या बाजूला पळाल्या. सहाजणींना मिरजेला दवाखान्यात न्हेलं, चौघी घरी आल्या. माझ्या घशाला थोडं लागलंय, बाकी मी ठीक हाय.

अक्काला सांगू नकोस.

धनाजीमामा


सदर बझार, सातारा
२ मार्च १९९९

ती. मामांना जयभीम.

तुम्ही वाचलात हे वाचून मी आधी आईला सांगितलं. तुमचं ऐकलं नाही, माफ करा. ती रडली आणि मग म्हणाली, त्याला विचार, तो काय लपवतोय. मी न विचारताच म्हणाली.

काल तुमच्या मालकांचा फॅक्स आला. त्यांना डिसेंबरच्या ट्रेनिंगचा निकाल हवाय, नंबरांपुढे नावं घालून. कारखाना निरीक्षकांना द्यायचाय. फॅक्समध्ये लिहिलंय की कामगारांना आधुनिक पद्धतीचं प्रशिक्षण दिलं होतं, चौतीसपैकी एकही त्यात पास झाली नव्हती, आणि अपघातातही त्यांनी स्वतःच्या चुकीनं जवळचं दार सोडलं. म्हणजे दोष त्यांचा.

नोव्हेंबरात तुम्ही लिस्टबद्दल संशय घेतलात तेव्हा मी तुम्हाला लिहून दिलं होतं. कारकून तुमच्या हजेरी मस्टरच्या क्रमानंच बायकांना आत सोडत होता, म्हणजे नंबरावरून नाव कळणार, हे माझ्या समोर होतं. मी विचारलं नाही. तेव्हा तुमचा संशय खरा ठरला, फक्त त्याला वेगळं कारण लागलं.

जानेवारीत मी झडतीचं राजवर्धन सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तो गिऱ्हाइकाचा आतला मामला. मी गप्प बसले. हेही तुम्हाला कळायला हवं.

आता तुम्ही सांगा. बायका ‘चुकीच्या बाजूला’ का पळाल्या? तुम्ही तेव्हा कुठे होतात?

अक्षता


विश्रामबाग, सांगली
८ मार्च १९९९

चि. अक्षता,

जयभीम. हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. आज पुरं करतो.

मी गेटावर होतो. वास आला तसा मला कळलं. नळावर रुमाल भिजवला, तोंडाला बांधला आणि धावत मागच्या दाराशी आलो. दार सताड उघडलं. आतनं बायका येतच होत्या. तुझ्या खेळामुळं म्हण, न्हाईतर जवळचं म्हणून म्हण, सगळ्या त्याच दाराकडं येत होत्या. विजयमाला सगळ्यांच्या म्होरं. मी दारात उभा राहून वरडलो, “चला, भाईर पडा.” तोंडाला रुमाल, आवाज निघंना. म्हणून हातानं खुणावलं. हातात छडी होती. धावताना ती मी का घेतली मला ठाव न्हाई. चार वर्षं ती हातातच असते.

मला बघून विजयमाला थांबली. तिच्या मागच्या तिच्यावर आदळल्या. मनुबाईनं हात पसरलं. मी परत वरडलो आणि छडी हलवली, भाईर, भाईर म्हणून. त्यांना काय ऐकू आलं आणि काय दिसलं ते मी आता समजू शकतो. मागनं कुणीतरी म्हणालं, “मोठ्या दारानं चला,” आणि सगळ्या वळल्या. मला बघून वळल्या, अक्षता. वायू ज्या बाजूनं येत होता त्या बाजूला, मशीन रूमवरनं. मी दारातनं बाजूला झालो असतो तर दोन मिनिटांत हॉल मोकळा झाला असता.

मग मी छडी टाकली आणि आत गेलो. मनुबाई मशीन रूमच्या तोंडाशी पडली होती. तिला वढत न्हेलं. तिनं माझा हात झिडकारला, डोळं मिटलेलं असतानाबी. तिचा उजवा डोळा गेला. डॉक्टर म्हणतात, डावा राहील.

आमचा बा, तुझा आजा, मुंबईला गोदीत होता. सुटताना गेटावर त्याला धोतर झाडून दाखवायला लागायचं. घरी आला की तो अर्धा तास कुणाशी बोलायचा न्हाई. अक्काला विचार, तिला आठवत असंल. मी त्या वेळी ठरवलं होतं की आपण गणवेश घालायचा, म्हणजे आपली कुणी झडती घेणार न्हाई. ते झालं. पुढचं माझ्या ध्यानात आलं न्हाई.

परवा मालकांनी केबिनमधी बोलावलं. टाइप केलेला कागद म्होरं ठेवला. बायकांनी सूचना मोडून चुकीचा रस्ता घेतला, असं त्यात होतं, आणि खाली माझं नाव. म्हणाले, “सही करा, हवालदार. तुमचंही नाव त्यातून बाहेर राहतं.” मी म्हणालो, चष्मा घरी हाय. चष्मा खिशातच होता. कागद घेऊन आलो आणि तो इथं उशीखाली हाय. सही केलेली न्हाई.

चोवीस तारखेला निरीक्षक सायबांच्या हापिसात सुनावणी हाय. मी खरं सांगणार हाय. पण एकट्याच्या बोलण्यावर कोण इस्वास ठेवणार? मालक म्हणतील, म्हातारा बिघडला. त्या खेळात बायका कुठं गेल्या ते तुला दिसतं असं तू लिहिलं होतंस, ते तुझ्या मशीनमधी राहिलं असंल. ते मिळंल का? तुझ्या नोकरीला धक्का लागणार असंल तर नको. खरंच नको.

धनाजीमामा


सदर बझार, सातारा
१५ मार्च १९९९

ती. मामांना सप्रेम जयभीम.

यासोबत एक फ्लॉपी आहे. रजिस्टर पोस्टानं पाठवतेय, वाकवू नका आणि उन्हात ठेवू नका. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल. हॉलचा नकाशा दिसेल आणि त्यात चौतीस ठिपके चालताना दिसतील, प्रत्येकावर नंबर. धूर कुठे होता तेही दिसतं. मागच्या दारापाशी नऊ ठिपके कसे थांबतात ते बघायला जाणकार लागत नाही. कसं सुरू करायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय.

सरांनी मला डिसेंबरची फाइल पुसायला सांगितली. मालकांना फक्त निकालाचा कागद द्यायचा, बाकी काही ठेवायचं नाही म्हणाले. मी पुसली. त्याच्या आदल्या दिवशी कॉपी केली होती. नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. फ्लॉपी कुणी दिली विचारलं तर माझं नाव सांगा, आणि मी तुमची भाची आहे हेही सांगा. लपवू नका. आपण दोघांनी ते लपवलं नसतं तर मी डिसेंबरातच तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं असतं, मामा, या हात का पसरतात?

गोदीचं आईला विचारलं. बा घरी यायच्या वेळेला ती तुम्हाला घेऊन मुद्दाम बाहेर जायची, एवढंच म्हणाली.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. पण कागद उशीखाली आहे हे वाचून मी फ्लॉपी काढली.

अक्षता


विश्रामबाग, सांगली
२९ मार्च १९९९

चि. अक्षता,

जयभीम. सुनावणी झाली. कशी झाली ते सांगतो.

निरीक्षक साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. एका बाजूला मालक आणि त्यांचा वकील. एका बाजूला बाकावर अकरा बायका. मनुबाईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. साहेबांनी पहिलं मला विचारलं. मी सगळं सांगितलं. झडती मी लावली, त्या दिवशी छडी माझ्या हातात होती, मला बघून त्या वळल्या. मालकांनी वकिलाकडं बघितलं. वकील म्हणाला, “हवालदारांच्या छातीत वायू गेलाय. त्यांची तब्येत बरोबर नाही.”

मग साहेबांनी बायकांना एकेक करून विचारलं. दारात झडती होत होती का? पहिली म्हणाली, न्हाई. दुसरी म्हणाली, न्हाई. पाच जणींनी न्हाई म्हणून सांगितलं. मनुबाई म्हणाली, “मला आठवत न्हाई, साहेब.” त्या सगळ्या बोलायच्या आधी माझ्याकडं बघत होत्या. मी खरं सांगतोय हे त्यांना काय माहीत? हा हवालदाराचा नि मालकांचा मिळून डाव हाय, व्हय म्हणालो तर उद्या गेटातनं आत घेणार न्हाईत, असंच त्यांना वाटत असणार. त्यांच्या जागी मी असतो तर मलाबी तेच वाटलं असतं.

मी तुझी फ्लॉपी दिली. वकील म्हणाला, ही कुठून आली? मी सांगितलं, अक्षता सरतापे, तिनंच हा खेळ बनवलाय आणि ती माझी भाची हाय. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की नोव्हेंबरापासूनचं सगळं त्यांच्या डोक्यात परत फिरलं असावं. कारकुनानं कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, तुझा कागद वाचून फ्लॉपी लावली. ठिपके चालायला लागले. बायका बाकावरनं उठून बघायला आल्या. सात नंबरचा ठिपका सगळ्यांच्या आधी दाराशी गेला आणि थांबला. धूर आला तरी थांबलेला. साहेबांनी मस्टरवर बोट ठेवून नाव वाचलं आणि विजयमालाला विचारलं, “दार उघडं होतं. तुम्ही इथं का उभ्या राहिलात?”

तिनं परत माझ्याकडं बघितलं.

तवा मी उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, मला आणि मालकांना भाईर काढा. आमी हितं हाय तोवर ह्या बोलणार न्हाईत.” वकील हरकत घ्यायला लागला. साहेबांनी हात वर केला आणि आमाला भाईर जायला सांगितलं. मालक गाडीत जाऊन बसले. मी व्हरांड्यात बाकड्यावर बसलो.

आत काय झालं ते मला ठाव न्हाई. पहिल्यांदा बाकडी सरकल्याचा आवाज आला. मग कारकुनाचा टाइपरायटर सुरू झाला. एकदा सुरू झाला तो पुढं तासभर थांबलाच न्हाई.

त्या भाईर आल्या तवा चार वाजून गेलं होतं. एकेक करून माझ्या म्होरनं गेल्या. मनुबाईनं विजयमालाचा खांदा धरला होता. तिचा माझ्या बाजूचा डोळा झाकलेला, त्यामुळं मी बसलेला तिला दिसलो का न्हाई कळलं न्हाई. मी उठून उभा राहिलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, ते तोंडातनं निघालं न्हाई.

पायरीजवळ विजयमाला थांबली आणि मागं वळली.

“हवालदार, उद्या दाराला कोण हाय?”

“मी न्हाई,” मी म्हणालो. “सकाळीच राजीनामा दिलाय.”

“दुसरा कोण?”

“ठाव न्हाई.”

तिनं थोडा इचार केला. मग म्हणाली, “बरं,” आणि मनुबाईला सांभाळून पायऱ्या उतरायला लागली.

येत्या आठवड्यात खोली सोडतो. अक्काला सांग, मी येतोय.

तुझा,
धनाजीमामा